गाडीत गवत कुठून येणार?

मित्रांनो, आधी नाक मुरडणं थांबवा! मी मळका आहे, माझ्या घड्याघड्यांत धूळ भरलेली आहे, एका कोपऱ्यात वाळकं पान अडकलंय आणि बरोबर मधोमध एक डास मरून पडलाय, हे सगळं मला ठाऊक आहे. पण हा मळ माझा नाही. तो तुमच्या नाकात शिरायला निघाला होता. मी मध्ये आडवा आलो, म्हणून माझ्याकडे राहिला. मी एका चारचाकी गाडीतला एसी फिल्टर. जुना झालेला आणि काढून टाकलेला.

संशय घेणं हा माझा धंदा आहे. गाडीतला पंखा किंवा एसी लावला की बाहेरची हवा आत येते ना, ती थेट येत नाही. डॅशबोर्डच्या कप्प्यामागे एक अंधारी खाच असते, तिथे माझी नेमणूक असते. येणाऱ्या प्रत्येक कणाला अडवून मी विचारतो, "कोण रे तू? कुठून आलास? आत कोणाकडे काम आहे?" खरी हवा असली तर ती हसत हसत निघून जाते. धूळ असली तर चाचरते. चाचरली की धरलीच मी!

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पांढऱ्याशुभ्र, मऊ, कापडासारख्या कागदाला यंत्राने पटापट घड्या घातल्या, भोवती चौकट चिकटवली आणि कडेवर एक बाण छापला. हवा कोणत्या बाजूने वाहायची ते सांगणारा बाण. मग एक चष्मेवाली बाई आली. तिने मला दिव्यासमोर धरलं आणि एक डोळा मिटून असं काही पाहिलं, जणू मी तिच्याच पर्समधून काहीतरी लांबवलंय! भोक काही सापडलं नाही. "बरा दिसतोय," ती म्हणाली. पण आवाजात खात्री म्हणून नव्हती. संशयाचं बाळकडू मला तिथेच मिळालं.

पुढे मी या गाडीत आलो. गाडी एका चौकोनी कुटुंबाची. बाबा, आई, त्यांची मुलगी आणि बाबांचे वडील, म्हणजे अण्णा. गाडी बाबांच्या नावावर, पण चालवायचे मात्र अण्णाच. बाबा कामावर जायचे दुचाकीवर. "गर्दीत गाडी कोण नेणार? पार्किंग शोधण्यात जन्म जाईल," असं म्हणायचे.

अण्णांनी उभं आयुष्य बस चालवली होती. निवृत्त झाल्यावरही त्यांचे हात स्टेअरिंग शोधत असायचे. जेवताना ताटसुद्धा दोन्ही हातांनी धरून हळूच वळवायचे, असं आई हसून सांगायची. त्यांचं एकच मोठं काम उरलं होतं. दुपारी शाळेतून नातीला आणायचं. त्या कामासाठी ते इस्त्रीचा शर्ट घालायचे, केसांना पाणी लावून भांग पाडायचे आणि गाडीभोवती एक फेरी मारून चारही चाकांना हलकेच बुटाचं टोक लावून पाहायचे. बस नेण्याआधी बघायचे ना, अगदी तस्संच.

नातीचं नाव त्यांनी ठेवलं होतं टिटवी, कारण ती सतत बोलायची. शाळेच्या फाटकातून पुढच्या सीटवर येऊन आदळली की तोंडाचा पट्टा सुरू! कोणत्या बाईंनी कोणाला वर्गाबाहेर काढलं, कोणाचा डबा कोणी खाल्ला, कोणाचं कोणाशी बोलणं बंद आहे. अण्णा मध्येच म्हणायचे, "अगं टिटवे, श्वास घे, नाहीतर इंजिन गरम होईल!"

आणि अण्णांची एक गोष्ट होती. ती त्यांनी गाडीत इतक्या वेळा सांगितली, की माझ्या घड्यांनाही पाठ झाली होती. बसच्या दिवसांत ते सिगरेट ओढायचे. एक संपली की दुसरी. मग नात झाली. दवाखान्यात त्यांनी तिला उचललं, तोंडाजवळ नेलं, आणि त्या एवढ्याशा जिवाने मान फिरवून असं भोकाड पसरलं की नर्स धावत आली. अण्णांनी खिशातलं पाकीट तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकलं. "तेव्हापासून शिवलो नाही," ते छाती फुगवून सांगायचे. "बायकोने सांगून सुटली नाही, डॉक्टरने सांगून सुटली नाही. हिने नुसतं नाक मुरडलं आणि सुटली!"

ती माझी उमेदीची वर्षं होती. आई गाडीत बसली की म्हणायची, "इथे कशा माझ्या शिंका थांबतात!" मी खुशीने फुलून यायचो. आणि मग ती म्हणायची, "तो नवा सुगंध लावलाय ना, त्याने असेल." घ्या! राबायचं मी आणि कौतुक आरशाला टांगलेल्या त्या बाटलीचं! मी मनाशी म्हणायचो, थांबा. मी दमलो की कळेल.

मी दमलो. कोणीच मला बदललं नाही, कारण मी आहे हेच कोणाला माहीत नव्हतं. घड्या भरून आल्या, हवा माझ्यातून घुसमटत जाऊ लागली. शेवटी सर्व्हिसिंगला गाडी गेली तेव्हा गॅरेजच्या मिस्त्रींनी कप्पा उघडून मला बाहेर ओढलं आणि बाबांच्या नाकासमोर धरलं.

"साहेब, एसी फिल्टर पार गेलाय. बदलून टाकू?"

"एअर फिल्टर?" बाबांच्या भुवया वर गेल्या. "मागच्या वेळेलाच बदललात की तुम्ही!"

"तो इंजिनचा. हा एसीचा. हवा तीच, पण..."

"हवा तीच ना? मग फिल्टर दोन कशाला? उद्या म्हणाल, डाव्या नाकपुडीचा वेगळा आणि उजव्या नाकपुडीचा वेगळा!"

मिस्त्रींचं तोंड उतरलं. ते जरा तुटकपणेच म्हणाले, "कंपनीचाच लागेल. बाहेरचा चालत नाही."

झालं! मित्रांनो, हे शेवटचं वाक्य त्यांनी बोलायलाच नको होतं. बाबांनी डोळे असे बारीक केले, की मला कारखान्यातली ती चष्मेवाली बाई आठवली. "राहू दे. मी बघतो काय ते," असं म्हणून त्यांनी मला काखेत मारलं आणि गाडी घेऊन घरी आले. एअर आणि एसी, एवढ्याशा दोन शब्दांची गल्लत. पण त्यातून पुढे काय काय झालं, ऐका!

सुट्टीची दुपार होती. घरातले सगळे वामकुक्षी घेत होते. बाबांनी मला गच्चीच्या कठड्यावर आपटलं. धपाधप! धूळ उडाली, तेच खोकले. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या कूलरवर गेली. त्याचं जुनं गवत काढून नवं भरायचं काम त्यांनी सकाळीच उरकलं होतं. कूलरचं गवत तुम्ही पाहिलंय ना? लाकडाच्या बारीक, कुरळ्या साली असतात त्या. त्यांची गादी करून जाळीत भरतात, तिच्यावरून पाणी सोडतात आणि पंखा गार हवा ओढतो. त्या नव्या गवताचा एक तुकडा उरला होता.

बाबा गवताकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे. मग पुन्हा गवताकडे. मला तेव्हाच संशय आला!

"हेच गवत कूलरमध्ये हवा गाळतं ना?" ते स्वतःशीच पुटपुटले. "वर गारही करतं. मग गाडीत का नाही करणार? म्हणे कंपनीचाच लागेल!"

त्यांनी कात्री आणली. माझ्या मापाचा तुकडा कापला, सुतळीने बांधला. इथवर मी कसंबसं सोसलं. पण पुढे त्यांनी काय केलं असेल? त्यांनी तो ओला केला! नळाखाली धरून, पिळून, छान ओला! म्हणजे गारवा जास्त मिळेल, अशी त्यांची अक्कल. बाण नाही, चौकट नाही, घड्या नाहीत, नुसता ओला पेंढा. तो त्यांनी माझ्या जागी दाबून बसवला आणि कप्पा बंद करून असे हात झटकले, जणू काही चंद्रावर यान उतरवून आले.

मला एका पिशवीत गुंडाळून ड्रायव्हरच्या सीटमागच्या खिशात कोंबण्यात आलं. "असू दे, लागेल कधीतरी," बाबा म्हणाले. ही गोष्ट त्यांनी घरात कोणालाच सांगितली नाही. उन्हाळाभर गवत टिकलं, की मग सगळ्यांसमोर मिस्त्रींचं पितळ उघडं पाडायचं, असा त्यांचा बेत होता.

काही दिवस बरे गेले. मग तो ओला पेंढा कुजायला लागला. गाडीत एक वास येऊ लागला. जुना, दमट, जरासा करपट. कोंदट खोलीत कोणीतरी सिगरेट ओढून गेल्यावर मागे राहतो ना, तसाच काहीसा. खालच्या पंख्याने गवताची टोकं तोडून त्यांचा भुगा करायला सुरुवात केली. धूळ पिऊन ते तुकडे तपकिरी झाले आणि एसीच्या झरोक्यातून एखाददुसरा तुकडा हळूच बाहेर पडू लागला. कोणाच्या अंगावर पडायचे ते? जो रोज गाडी चालवतो त्याच्या!

अण्णांना खोकला सुरू झाला. गाडीत बसले की खोकायचे, घरी गेले की थांबायचा.

टिटवीने पहिल्यांदा वास घेतला तेव्हा ती बोलता बोलता थांबली. टिटवी थांबली, मित्रांनो! मी पिशवीत असूनही दचकलो.

"आजोबा, कसला वास येतोय?"

"मलाही येतोय गं. बाहेरून येत असेल. काच लाव."

काच लावल्यावर वास वाढला. ती तिरक्या नजरेने त्यांच्याकडे पाहू लागली. दुसऱ्या दिवशी अण्णा तिच्यासाठी पाण्याची बाटली आणायला खाली उतरले, तेव्हा तिने गाडीची झडती घेतली. दारातले कप्पे पाहिले, सीटखाली हात घातला, डॅशबोर्डचा कप्पाही उघडून कागद खालीवर केले. त्याच कप्प्यामागे खरा गुन्हेगार बसला होता, पण तिला काय ठाऊक! मग तिने सीटमागच्या खिशात हात घातला आणि मला बाहेर काढलं. आता ही विचारेल, हे काय आहे? आता सगळं बाहेर येईल! तिने पिशवी उघडली, माझ्यातला मेलेला डास पाहिला, "ईऽऽऽ!" केलं आणि मला परत कोंबलं.

दुसऱ्या दिवसापासून ती मागच्या सीटवर बसायला लागली.

"पुढे ये की गं," अण्णा म्हणाले.

"नको. मागे पाय मोकळे होतात."

अण्णांनी आरसा जरासा वळवला. त्यात ती दिसत होती. खिडकीबाहेर बघत, ओठ मिटून बसलेली. तिचे गुडघे माझ्या खिशाला लागत होते. आम्ही दोघं घरापर्यंत एक शब्दही न बोलता आलो. मी काय, बोलू शकत नाही. पण तिला तर येत होतं ना?

आणि मग तो दिवस आला. बाबा लवकर घरी आले होते. अण्णांनी गाडी खाली लावली, दार उघडून ते उतरले, खोकले. बाबा समोरच उभे. त्यांनी अण्णांच्या कॉलरवरून काहीतरी उचललं. तपकिरी, बारीक, कुरळं. दोन बोटांत चुरडलं, नाकाला लावलं.

"अण्णा, हे काय आहे?"

"काय की. गवत दिसतंय."

"गवत?" बाबा कडवट हसले. "गाडीत गवत कुठून येणार, अण्णा?"

अरे देवा! मी त्या पिशवीत नुसता तडफडत होतो! अहो, तुम्ही घातलंत! तुमच्या या दोन हातांनी कापलंत, बांधलंत, ओलं केलंत! पण फिल्टरला तोंड नसतं, आणि माणसाला स्वतःच्या करणीचा संशय येत नाही. सगळ्या जगाचा येतो, मिस्त्रींचा येतो, जन्मदात्या बापाचा येतो. आपण घातलेलं गवत तेवढं आठवत नाही!

"कॉलरवर तंबाखू, गाडीत वास, वर हा खोकला," बाबांनी बोटांवर मोजलं. "डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? आणि पोरगी असते गाडीत. काही वाटतं का?"

"मी ओढत नाही," अण्णा म्हणाले.

"मग तोंड उघडा. आ करा. वास बघू द्या मला."

आई जिन्यावर थबकली होती. ती म्हणाली, "अहो, काय बोलताय? कोणाशी बोलताय?" पण बाबा हटले नाहीत. अण्णांनी तोंड उघडलं नाही. त्यांनी मान वळवून टिटवीकडे पाहिलं. ती दप्तराचा पट्टा घट्ट धरून उभी होती.

"टिटवे, तुला काय वाटतं?"

टिटवीने खाली पाहिलं. बस्स, एवढंच. खाली पाहिलं.

अण्णांनी गाडीची किल्ली बोनेटवर ठेवली. "शाळेतून आणत जा तिला," बाबांना एवढं म्हणाले आणि जिन्याकडे गेले. कठडा धरून चढले. त्या दिवसाआधी मी त्यांना कठडा धरताना कधी पाहिलं नव्हतं.

आता शाळेची फेरी बाबांकडे आली. कामावरून मधूनच निघायचं, धापा टाकत घरी यायचं, दुचाकी ठेवायची, गाडी काढायची आणि उन्हातान्हात शाळेपर्यंत जायचं. बाबांना घाम फार येतो. पहिल्याच दिवशी त्यांनी बसल्या बसल्या पंख्याचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

अण्णा पंखा बेताचा ठेवायचे. त्यामुळे गवताचा एखादा तुकडाच यायचा. आज त्या कुजक्या पेंढ्याला एकदम तुफान वारा लागला. मित्रांनो, काय सांगू! मला सगळं दिसत नव्हतं, पण आवाज येत होता. आधी फरफर, मग खडखड, आणि मग फस्स!

टिटवी शाळेच्या फाटकातून आली. मागचं दार उघडायला गेली आणि थांबली. पुढच्या काचेतून तिने बाबांकडे पाहिलं. पांढऱ्या शर्टावर तपकिरी तुकडे. मांडीवर तुकडे. मिशीत एक कुरळं टोक अडकून वाऱ्यावर हलत होतं.

तिने पुढचं दार उघडलं. "बाबा! तुम्हीसुद्धा ओढता?"

"मी? वेडी आहेस का?" बाबा म्हणाले आणि जोरजोरात खोकले.

"मग हे काय आहे?" तिने त्यांच्या मिशीतून तो तुकडा उपटला. "हा तंबाखू नाही? आजोबांच्या कॉलरवर होता तेव्हा होता, तुमच्या मिशीत आहे तेव्हा नाही?"

"अगं, हे आत्ता... हे इथून आलं," बाबा एसीच्या झरोक्याकडे बोट दाखवत म्हणाले. आणि बोलता बोलता त्यांचं बोट तिथेच थांबलं.

त्यांनी पंखा बंद केला. मग डाव्या बाजूला वाकून डॅशबोर्डचा कप्पा खेचून काढला. आत हात घातला. हातात आला एक काळपट, ओलसर, वास मारणारा गोळा. सुतळी अजून शाबूत होती.

"हे काय आहे?" टिटवीने विचारलं.

"कूलरचं गवत."

"गाडीत गवत कोणी घातलं?"

बाबांनी घसा खाकरला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा खाकरण्याआधीच टिटवीला समजलं. तिला हसू आलं नाही. मला वाटलं होतं, ही आता आभाळ डोक्यावर घेईल. पण तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि म्हणाली, "बाबा, मी खाली पाहिलं. आजोबांनी मला विचारलं आणि मी खाली पाहिलं."

बाबांनी त्या दिवशी सगळ्या काचा उघड्या टाकून गाडी घरी आणली. गवताचा गोळा कागदावर ठेवून वर नेला आणि मलाही पिशवीतून काढून दुसऱ्या हातात घेतलं. त्यामुळे पुढचं मी पिशवीबाहेरून, नीट पाहिलं.

अण्णा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. इस्त्रीचा शर्ट नव्हता, केस विस्कटलेले. आईने तो गोळा पाहिला आणि कमरेवर हात ठेवले. "गाडीत गवत घातलंत? काय, घोडा जुंपायचा बेत होता?"

"थांब गं," बाबा म्हणाले. ते अण्णांसमोर उभे राहिले. शर्टावर अजून तपकिरी तुकडे होते. "अण्णा, चुकलं माझं."

"काय चुकलं?"

"हे गवत घातलं ते."

"ते सोड," अण्णा म्हणाले. "तो मूर्खपणा झाला. मूर्खपणा मीही केलाय. एकदा भरलेली बस घेऊन दुसऱ्याच मार्गाला लागलो होतो, लोक ओरडायला लागले तेव्हा कळलं. मूर्खपणाची माफी मागायची नसते, तो निस्तरायचा असतो. चुकलं काय, ते सांग."

बाबांनी हातातला गोळा खाली ठेवला. आईने कमरेवरचे हात खाली घेतले.

"तुम्हाला तोंड उघडायला सांगितलं," शेवटी बाबा म्हणाले. "सगळ्यांसमोर."

अण्णांनी मान डोलावली. "हं. ते."

"आणि मी मागे बसले," टिटवी मध्येच बोलली. "मी झडतीपण घेतली, आजोबा. सीटखाली हातसुद्धा घातला."

"सापडलं काय?"

"चिंगम. वाळलेलं."

"ते तुझंच असणार," अण्णा म्हणाले आणि त्यांच्या मिशा जराशा हलल्या. पण मग ते गंभीर झाले. "हे बघ, टिटवे. झडती घेतलीस, त्याचं मला काही नाही. संशय आला तर शोधावं माणसाने. पण शोधून काही सापडलं नाही, तेव्हा मला विचारायचं होतंस. तू काय केलंस? गप्प बसलीस. तू गप्प बसलीस ना, ते मला त्याच्या ओरडण्यापेक्षा जास्त लागलं."

बाबांनी किल्ली पुढे केली. अण्णांनी ती लगेच घेतली नाही. आधी उठून आरशासमोर गेले, केसांना पाणी लावून भांग पाडला आणि आतून इस्त्रीचा शर्ट घालून आले. मगच हात पुढे केला. "चला. निस्तरायला जाऊ."

गॅरेजमध्ये मिस्त्रींनी तो गवताचा गोळा पाहिला आणि खुर्ची धरून हसत सुटले. मला माप म्हणून टेबलावर ठेवण्यात आलं.

वाटेत बाबांकडून सगळी हकिकत काढून घेतल्यामुळे टिटवी आता फॉर्मात होती. "काका, कंपनीचाच फिल्टर लागतो?"

मिस्त्री हसायचे थांबले. "तसं काही नाही. बाहेरचाही बसतो. मापाचा असला, नीट बनवलेला असला तर."

"मग तेव्हा तुम्ही बाहेरचा चालतच नाही असं का म्हणालात?"

"तुझ्या बाबांनी नाकपुड्यांवरून टोमणा मारला ना! माझंही डोकं सटकलं," मिस्त्री कान खाजवत म्हणाले. "ते तेवढं जरा जास्तच झालं माझं."

त्यांनी खोकी काढली. एक कंपनीचं. एक बाहेरचं, बऱ्याच स्वस्तातलं. आणि एक तर फारच स्वस्त, पण खोक्यावर नाव मात्र कंपनीचंच छापलेलं, तेही एक अक्षर चुकवून! ते तिसरं टिटवीने लगेच बाजूला सारलं. "ज्याला स्वतःचं नाव नीट लिहिता येत नाही, तो हवा काय गाळणार?" मग बाहेरच्या बनावटीचा फिल्टर तिने खिडकीच्या उजेडासमोर धरला, एक डोळा मिटला आणि माझ्याशी घडी घडी ताडून पाहिली. चौकट तीच, घड्या दाट, बाण ठळक. भोक नव्हतं. "हा बरा दिसतोय," ती म्हणाली. आणि मित्रांनो, तिच्या आवाजात खात्री होती.

स्वस्त असणं हा गुन्हा नाही, बरं का. माझा हा स्वस्तातला भाऊ आज माझ्या जागी ऐटीत उभा आहे आणि एकेका कणाला धारेवर धरतोय. गवतही वाईट नव्हतं, कूलरमध्ये ते राजासारखं राहतं. आपली जागा सोडून ते भलतीकडे गेलं, म्हणून इतकं रामायण झालं.

मी गॅरेजच्या कोपऱ्यातल्या पिंपात पडलोय. इथून मला रस्ता दिसतो. अण्णांची गाडी वळणावरून गेली तेव्हा काचा बंद होत्या आणि पुढच्या सीटवरून टिटवीचे हात जोरजोरात हलत होते. म्हणजे बडबड चालू होती!

आता माझी एक विनंती ऐका. जुनी छत्री म्हणते, मला फेकू नका. जुनी खुर्ची म्हणते, मला जपा. मी तसलं काही म्हणणार नाही. मला वेळेवर फेका! मी भरलो की मला काढा, माझ्या मापाचा दुसरा आणा, बाण बघून बसवा. महागडाच हवा असं नाही, पण फिल्टरच हवा. पेंढा नको, कापूस नको, आत्याची जुनी ओढणी तर मुळीच नको. घरातलं कोणी गाडीत बसून खोकू लागलं, तर आधी डॅशबोर्डचा कप्पा उघडा, माणसाचं तोंड नंतर. आणि एवढं करूनही मनात काही उरलंच, तर त्या माणसाला सरळ विचारा, त्याच्या डोळ्यांत बघून.

करणार ना? नक्की? तुमच्या गाडीतला फिल्टर शेवटचा कधी बदलला होता, सांगा बरं.

बघा, चाचरलात!